कोऱ्या भिंतीवर वाचणारी पोर

बडबडगीतांचा मला वीट आलेला आहे. असं म्हटलं की लोक हसतात. म्हणतात, बाई, तुम्ही इतकी वर्षं बालवाडी चालवलीत आणि तुमच्या तोंडी हे? अहो, म्हणूनच माझ्या तोंडी. ज्यानं दिवसभर गुळाच्या काहिलीपुढं उभं राहायचं, त्याला गुळाचा वास विचारू नये.

पाहुणे आले की पोराला मध्ये उभं करायचं, "म्हण बाळा, म्हण ना" म्हणून मागं लागायचं. पोर झग्याचं टोक चघळत एका दमात काहीतरी म्हणून टाकतं, सगळे टाळ्या पिटतात आणि आई अशी बघते की जसं काही आत्ताच बाळंत झाली. मला तिथून उठून जावंसं वाटतं. ही शिसारी पोरांची नाही. पोरं बिचारी सांगितलं ते करतात. ती मोठ्यांची आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातली निम्मी माझी मलाच आहे. ती कशी बसली ते सांगते.

मी शिकलेली चौथी. माहेर फलटणच्या बाजूचं. चौथीनंतर वडिलांनी शाळेतून काढलं, पण वाचायची खोड काही गेली नाही. वाण्याकडून हिंग-जिऱ्याच्या पुड्या यायच्या, त्यांचे कागद मी मांडीवर धरून सुरकुत्या काढायची आणि वाचायची. अर्धी गोष्ट एका पुडीत मिळायची. उरलेली दुसऱ्या पुडीत येईल म्हणून महिना महिना वाट बघायची. कधी आली नाही, ते सोडा. पण कागदावर जे आहे तेच वाचायचं, आपल्या मनातलं नाही, एवढं मला दहाव्या वर्षी कळलं होतं. हेच तर वाईट. मला कळत नसतं तर पुढचं पाप माझ्या माथी लागलं नसतं.

लग्न होऊन मी कृष्णाकाठच्या एका गावात आले, वाळवा तालुक्यात. मालक कारखान्यात, भोंगा झाला की जायचे, भोंगा झाला की यायचे. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि त्याच्या पुढच्या साली गावातल्या बायकांच्या मंडळानं बालवाडी काढायची ठरवली. बाई म्हणून मला निवडलं. का, तर साऱ्या सुनांत वाचता येणारी मी एकटी, आणि माझी सासू ओरडणारी नव्हती. दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं होतं.

शिकायला आम्हाला साताऱ्याला पाठवलं. दहा दिवस. एका धर्मशाळेत उतरवलं होतं. घोंगड्यांना आधीच्या माणसांच्या घामाचा वास यायचा आणि वरण इतकं पातळ की ताटाचा तळ दिसायचा. शिकवणाऱ्या मॅडम मोठ्या कडक साडीच्या, आवाज किनरा. त्या म्हणायच्या, "भगिनींनो, आता आपण बेडूक!" आणि आम्ही चाळीस बायका, कुणी नऊवारीतल्या, कुणी तीन लेकरांच्या आया, एक तर सातव्या महिन्यातली, ड्रांव ड्रांव करत उड्या मारायचो. माझ्या शेजारची खटावची बाई कानात म्हणाली, "आमच्या मालकांनी ह्ये बघितलं तर सोडचिठ्ठीच दील गं बया."

मॅडमनी वाचायला शिकवण्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या. कविता ऐकवायची, म्हणून घ्यायची, हातवारे करून म्हणायची, मग ती मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीवर टांगायची आणि म्हणता म्हणता शब्दांखालून काठी फिरवायची. पाचवी पायरी शेवटच्या दिवशी होती. शेवटच्या दिवशी कुणी मोठे पाहुणे आले. त्यांना हार घातले, त्यांनी तीन तास भाषण केलं, बालक हे फूल आहे म्हणाले, आणि आमच्या गाड्यांची वेळ झाली. मॅडम जाता जाता म्हणाल्या, "उरलेलं तुम्हाला जमेलच." आम्ही कंदी पेढे घेऊन घरी आलो. पाचवी पायरी साताऱ्यातच राहिली.

पुस्तकातल्या कविता आमच्या पोरांच्या काही कामाच्या नव्हत्या. तिथं बागा, कारंजी आणि केक. मग मी माझी एक रचली.

आला आला बैल आला,
उसाचा पाला खाऊन गेला,
पाटाचं पाणी पिऊन गेला,
दारात पो टाकून गेला.

चौथ्या ओळीला पोरं लोळण घ्यायची. एका पुठ्ठ्यावर कागद चिकटवून मी ती ठळक अक्षरांत लिहिली, भिंतीवर टांगली आणि काठी फिरवायला शिकवलं. महिन्याभरात पोरं म्हणता म्हणता स्वतः काठी फिरवू लागली. दारातून बघणाऱ्या आया तोंडाला पदर लावायच्या. "आवं बाई, ही येवढीशी पोरं वाचत्यात की वो!"

मी म्हणायची, "वाचणारच. मग?"

साहेब तपासणीला आले सांगलीहून. जीप, पांढरी पँट, तोंडात पान. हजेरीचं पान उलटताना दर वेळी बोट जिभेला लावायचे, त्यामुळे माझ्या हजेरीपुस्तकाचे कोपरे अजून लालसर आहेत. मी माझी सगळ्यांत हुशार पोर पुढं केली. वय साडेचार. बाप फौजेत, घर खाऊनपिऊन बरं, दारी ऊस. तिनं काठी घेतली आणि असं काही म्हटलं की साहेबांचं पान थांबलं. चौथ्या ओळीला त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, म्हणाले, "हे जरा स्वच्छ करा." पण पोरीचा गाल चिमटीत धरून ओढला आणि शेऱ्यात लिहिलं, मुले उत्तम वाचन करतात. गाल लाल झाला होता तिचा. मी नंतर ओल्या फडक्यानं पुसला.

आता खरं ते ऐका. पुठ्ठ्याला लावलेली खळ मी कणकेची केली होती. त्या वासावर पावसाळ्यात झुरळं आली, उंदीर आले आणि खालच्या दोन ओळी पुठ्ठ्यासकट खाऊन गेले. सकाळी मी दार उघडलं तर ती पोर माझ्याआधी खिडकीतून आत शिरलेली, काठी घेऊन म्हणत होती. आला आला बैल आला, उसाचा पाला खाऊन गेला. पुढं पुठ्ठा नव्हता. तिची काठी कोऱ्या भिंतीवरून तशीच सरकत गेली, शेणानं सारवलेल्या भिंतीवरून, आणि ती म्हणत राहिली, पाटाचं पाणी पिऊन गेला. शब्द जिथं सुटतो तिथं काठी उचलत होती. पुढच्या शब्दाला टेकवत होती. भिंतीवर.

मी हसले. मागून आलेल्या मदतनीस मावशी हसल्या. मग माझं हसू थांबलं, कारण मला कळलं. आणि कळल्यावर मी काय केलं? नवा पुठ्ठा आणला. खळीत मोरचूद घातलं, म्हणजे उंदीर खाणार नाहीत. बास.

पोर पुढं पहिलीत गेली. तिथले गुरुजी स्वभावानं गरीब, पण एका खोलीत दोन वर्ग. त्यांनाही हाच मार्ग सोपा. सगळं पुस्तक, धडेसुद्धा, वर्ग एका सुरात गायचा आणि बोटं ओळींवरून पळायची. दुपारी नदीवर धुणं धुताना आम्हाला ऐकू यायचं. बायका म्हणायच्या, किती गोड वाटतंय. मी मात्र पाण्यात मान घालून धुणं आपटायची. कारण ती चाल मी लावलेली होती.

ती दुसरीत गेली आणि तिच्या घरात विषय निघाला. तिचे आबा, म्हणजे आजोबा, स्वतः निरक्षर, पण डोकं सरळ. ते म्हणाले, "धाकटं रांगतंया. सून उसात जाती. म्हशीला कोण बघायचं? पोरीला शाळंत काय शिकवत्यात, गाणीच न्हवं? ती म्हशीमागं बी म्हणता येत्यात. बापाचं पत्र वाचून दावलं तर ठिवू शाळंत. न्हाईतर बास झाली."

पत्राचं असं होतं. फौजेतली पत्रं यायची, ती पोस्टमन पारावर उभा राहून वाचून दाखवायचा. गालात तंबाखू, मध्येच पिचकारी, आणि वर स्वतःचे विनोद. सारी आळी ऐकायची. त्यामुळे पोरीचा बाप बायकोला काही लिहायचाच नाही. दर पत्राच्या शेवटी 'लहानांस आशीर्वाद' असायचं, त्यात ती बसायची. आठ वर्षं संसार झाला होता तिचा. ती एकदा माझ्याकडं आली, उंबऱ्यावरच बसली.

"बाई, यील न्हवं तिला वाचाय?"

"येईल म्हणजे? माझ्या हाताखालची पोर आहे ती."

"न्हाई, म्हंजे… त्यो पोस्टमन आमच्या धन्याचं नाव घिऊन थुकतो, तवा मला शिसारी येती. घरातल्या घरात वाचलं म्हंजे… तेबी जरा मोकळं लिवतील."

मी म्हणाले, "काळजी नको करूस." आणि तिला चहा दिला. किती सहज म्हणाले होते मी!

शनिवारी पत्र आलं. आबांनी पोस्टमनला दारातूनच परत लावलं, मला बोलावणं धाडलं, आळीतली दहा माणसं सोप्यात बसवली. पोरगी अंघोळ करून, वेणी घालून उभी. निळं पत्र उघडलं, बोट ठेवलं आणि सुरू झाली.

"तीर्थरूप आबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. तुमची खुशाली कळवणे. पाऊसपाणी कसे आहे. ऊस तुटला का. म्हैस व्याली का. आईने तब्येतीस जपावे. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. कळावे."

कुठं अडली नाही, कुठं थांबली नाही. आबांचे डोळे भरले. मी तिच्या मागंच उभी होते, तिच्या आईच्या खांद्याला खांदा लावून. मला पत्र दिसत होतं. 'कळावे' म्हणताना तिचं बोट पत्राच्या अर्ध्यावर होतं. खाली अजून अर्धं पान गच्च लिहिलेलं होतं, आणि पोरीनं पत्राची घडी घातली.

त्या दिवशी भिंतीवर कागद संपला होता आणि कविता चालू राहिली होती. इथं कविता संपली आणि कागद उरला. मी हे बघितलं. अर्ध्या हातावरून बघितलं.

आबा म्हणाले, "बाई, तुमच्या तोंडात साखर पडो. माज्या घरात अक्षर आणलं तुमी." तिच्या आईनं माझी ओटी भरली, खण आणि नारळ. त्या वेळी मला म्हणता आलं असतं, थांबा, पत्र इकडं द्या. दहा माणसं बघत होती. मी पदर पुढं केला आणि ओटी घेतली. मनात म्हटलं, उद्या येऊन गुपचूप बघून जाऊ. रविवार गेला, सोमवार गेला. वेळ नव्हता असं नाही, होता. मी गेले नाही. नारळ फोडला, तो नासका निघाला असता तर बरं वाटलं असतं. चांगला गोड निघाला. वड्या केल्या.

बुधवारी दुपारी बालवाडी सोडून घरी निघाले, तर त्यांच्या दारात कारखान्यावरून परतलेली उसाची रिकामी गाडी उभी. गाडीवरून दोघं जण एका माणसाला उतरवत होते. उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये, काखेत कुबडी, बरोबर काळी ट्रंक. पोरीचा बाप होता तो. अंगावर कोळशाची काजळी आणि उसाची धूळ, ओठ फुटलेले.

"आबा," तो कट्ट्यावर टेकला आणि म्हणाला, "गाडी का न्हाई धाडली? काल दुपारपास्नं ताकारीच्या टेसनात बसलोय. समदी रात बाकड्यावर काढली."

"कसली गाडी?"

"लिवलं हुतं की पत्रात. मिळालं न्हाई?"

"मिळालं की!" आबा म्हणाले. "वाचलं बी. तुज्याच लेकीनं वाचलं, घडाघडा. साऱ्या आळीनं ऐकलंय. कसली गाडी न्हाई न् बिडी न्हाई त्यात."

तो हसला. लेकीनं वाचलं म्हणून हसला. म्हणाला, "व्हय? आण की मग, मला बी ऐकू दे."

पोरगी देवाच्या तसबिरीमागून पत्र घेऊन आली. पाय जुळवून उभी राहिली. तपासणीला कसं उभं राहायचं ते मीच शिकवलेलं. बाप ऐकतोय म्हणून आवाज मोठा लावला. तीर्थरूप आबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. समोर तो प्लास्टरचा पाय लांब करून बसलेला. ऊस तुटला का. म्हैस व्याली का. 'कळावे' झालं आणि टाळ्या वाजतील म्हणून तिनं वर बघितलं.

तिच्या बापानं पत्रातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. हळूच विचारलं, "ह्यो कंचा शब्द, बाळा?"

तिनं बघितलं. "नमस्कार," म्हणाली.

तो शब्द 'प्लास्टर' होता. मग त्यानं स्वतः पत्र वाचलं. ट्रकमधून उतरवताना पेटी पायावर पडली, हाड मोडलं, दोन महिन्यांची रजा मिळाली. मंगळवारी दुपारच्या गाडीनं ताकारीला उतरतो. चालता येत नाही, बैलगाडी पाठवा. आईला आधी सांगू नका, घाबरेल. त्याची आई तिथंच उभी होती, तिनं तोंडात पदर कोंबला.

आबा माझ्याकडं वळले. "बाई, तुमी हुता की त्या दिशी."

"मी लांब उभी होते, आबा," मी म्हणाले. "मला दिसलं नाही."

इतकी वर्षं झाली, या वाक्याइतकं घाण वाक्य माझ्या तोंडून दुसरं गेलेलं नाही. पोरीच्या आईनं माझ्याकडं एकदा बघितलं. मी कुठं उभी होते हे तिला माहीत होतं. माझा खांदा तिच्या खांद्याला लागलेला होता. तिनं तिथंच मला खोटं पाडलं असतं तर बरं झालं असतं.

आबा म्हणाले, "उद्यापास्नं पोरगी म्हशीमागं."

घरी येऊन मी साताऱ्याची वही काढली. पाचव्या पायरीपुढं माझ्याच अक्षरात एवढंच होतं: 'कविता कापणे.' कुणीतरी घाईत सांगितलं आणि मी घाईत लिहिलं. तेव्हा मला वाटलं होतं, कविता लांब असली तर थोडी कमी करायची असं काही असेल. त्या दिवशी एकदम उमजलं. शब्द कापून सुटे करायचे, उलटसुलट लावायचे, म्हणजे पाठ केलेलं उपयोगी पडत नाही आणि बघावंच लागतं. सगळी मेख तिथं होती, आणि तीच आम्ही हारतुऱ्यांत घालवली होती.

दोन दिवसांनी मी त्यांच्या सोप्यात जाऊन सगळ्यांपुढं सांगितलं. म्हटलं, आबा, मी जवळ होते, मला दिसलं होतं, मी खोटं बोलले. पोरीची चूक नाही.

 आबा म्हणाले, "ओटी भरली हुती तुमची."

"हो."

"मग आता कुणाचं खरं धरायचं आमी?"

उत्तर तिच्या बापानं दिलं. म्हणाला, "आबा, बाईंचं चुकलं त्ये चुकलं. पण माजं बी चुकलंया. आठ वर्सं मी ह्येच पत्र धाडतोय, अक्षर इकडचं तिकडं न्हाई. पोरीला पाठ हुनार न्हाई तर काय! दोन म्हयनं हाय मी. बाईंना शिकवू द्या. मागारी गेलो की पत्र लिवतो, त्यात तिला ठावं नसल्यालं लिवतो. मग ठरवा."

"म्हशीमागनं आल्यावर शिकवा," आबा म्हणाले. "शाळा न्हाई."

मी माझा बैल कात्रीनं कापला. एकेक शब्दाचा तुकडा. अंगणात मांडून म्हटलं, वाच. मी मांडलं होतं, 'उसाचा पो खाऊन गेला.' तिनं बोट ठेवलं आणि म्हणाली, "आला आला बैल आला." बदलून मांडलं, तरी तेच. आठ दिवस तेच. तोंड उघडलं की तो बैल बाहेर यायचा. मला त्या बैलाची इतकी किळस आली की स्वप्नातसुद्धा मी त्याला हाकलत होते. एकदा मी तिच्या हातावर चापट मारली. ती रडली नाही. तिला कळेचना की ती कुठं चुकली. साऱ्या गावानं कौतुक केलेलं तेच तर ती करत होती.

मग एके दिवशी मी एक नवा तुकडा केला, 'आबा'. आणि मांडलं: 'आबा पाला खाऊन गेला.'

तिनं सवयीनं सुरू केलं, "आला आ…" आणि थांबली. बोट मागं आलं. "आ… बा." पुढं सरकलं. "पा… ला." मग तिनं दाराकडं बघितलं, आबा आत आहेत का ते. तोंडावर हात दाबला आणि खांदे हलायला लागले. हसून हसून ती मातीत बसली. कविता पाठ करता येते. पण या ओळीला कधी हसायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कुबडी घेऊन बाप बाहेर आला, त्यानं वाचलं आणि तोही हसला. तुकडे गोळा करून आम्ही घाईनं लपवले, कारण आबा खरंच बाहेर येत होते.

तो परत गेला. पत्र यायला महिना लागला. या खेपेला दहा माणसं नव्हती. आबा, आजी, धाकट्याला कडेवर घेतलेली आई आणि मी. आणि पोस्टमन, पत्र देऊन तो हलेचना, दाराला टेकून तंबाखू मळत राहिला.

पोरगी वाचू लागली. "पा… य. पाय. ब… रा. पाय बरा आ… हे." एकेका शब्दाला घाम येत होता तिला. आबांनी दोनदा बैठक बदलली. मांडी थोपटली.

"ह्ये कसलं वाचणं?" ते मला म्हणाले. "तवा कसं पाण्यागत वाचत हुती! ही तर अडाणीच हाय अजून."

पोस्टमन म्हणाला, "आणा हिकडं आबा, मी फाडकन वाचतो."

"ऐका जरा," मी म्हणाले.

"इ… कडे. मां… जर. मांजर. व्या… लं." पोरगीनं मान वर केली. "मांजर व्यालं! तीन पि… ल्लं. एक… लं… ग… डं. लंगडं. त्या… ला… मा… झं… नाव… ठे… वलं."

आजी फिसकन हसली. आबांच्या मिशा हलल्या, पण ते हसले नाहीत. पोरगी पुढं वाचत होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग ओठही थांबले. ती एकच ओळ पुन्हा बघत राहिली, बोट शेवटापासून सुरुवातीला नेऊन. मग उठली, आईजवळ गेली, तिला वाकायला लावलं आणि कानात काहीतरी सांगितलं. सांगायलाही वेळ लागला. मध्ये एकदा कागदात बघून घेतलं तिनं. आई लाल झाली. धाकटं कडेवरून घसरलं तरी तिला कळलं नाही.

"काय लिवलंय?" आबांनी विचारलं.

"त्ये आईचं हाय," पोरगी म्हणाली.

"आगं, मला सांग की!"

"न्हाई. आईचं लिवलंया. तुमचं वरलं हुतं, त्ये झालं वाचून."

पोस्टमननं हात पुढं केला. पोरगीनं पत्राची घडी घातली आणि आईच्या हातात दिली, आईनं ती ओच्यात खोचली. पोस्टमनचा हात तसाच राहिला. शेवटी त्यानं तो पिशवीवर पुसला आणि निघून गेला.

आबा सुनेकडं बघत होते. ती त्यांच्याकडं बघत नव्हती, ओच्यावर हात ठेवून जमिनीकडं बघत होती. मग ते म्हणाले, "जाऊ दे उद्यापास्नं शाळंत. म्हशीचं बघू काय तरी." आणि मला म्हणाले, "पण बाई, जरा भराभरा वाचाय शिकवा. चारचौघांत लाजल्यागत हुतं."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. आठवड्यानं गुरुजी मला नदीच्या वाटेवर भेटले. त्यांचा चेहरा कडू झालेला. म्हणाले, "बाई, तुमच्या त्या पोरीचं काहीतरी बिघडलंय बघा. सगळा वर्ग एका सुरात पुढं जातो, आणि ही मध्येच थांबून एकेक शब्द धरून बसते. तपासणी आली तोंडावर. वर्गाची चाल मोडती तिच्यामुळं."

"मोडू द्या," मी म्हणाले.